जुन्या दुनळीला जोडीच्या नळ्या जुळवताना

नळ्या अ‍ॅक्शनवर (नळ्या बसतात त्या पोलादी सांगाड्यावर) चढल्या, बंदूक मिटली, वरची लिव्हर जागेवर आली, की जुन्या दुनळीला नळ्यांचा दुसरा संच जुळला असं बरेच जण धरून चालतात. या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) काडतुसाचं बूड साधारण सव्वातीन चौरस सेंटिमीटरचं असतं. काडतूस उडताना चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागात, ७०० बारच्या आसपास दाब गेला, तर ब्रीचच्या भिंतीवर (काडतुसाच्या बुडामागच्या उभ्या भिंतीवर) दोन टनांच्या वर धक्का बसतो. तो धक्का पेलतात तीन जागा: बिजागरीची पिन, ब्रीचची भिंत आणि लंपच्या (नळ्यांच्या पोटाखालच्या पोलादी ठोकळ्याच्या) खाचांत शिरणारा बोल्ट. नळी या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी टेकली पाहिजे. बंदूक नुसती मिटायला मात्र यातली एक जागाही पुरते.

दुसरी गोष्ट जुन्या कारागिरीची. १८६३ चा पर्डीचा दुहेरी बोल्ट किंवा १८७५ ची अ‍ॅन्सन-डीली पद्धत शेकडो कारखान्यांनी वापरली, पण प्रत्येक बंदुकीच्या नळ्या काजळी धरून (टेकणाऱ्या जागा काळ्या करून खूण बघत), कानशीने घासून तिच्याच अ‍ॅक्शनवर बसवलेल्या असत. त्यामुळे एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन दुनळ्यांच्या नळ्या आपसांत बदलत नाहीत. बदलल्या तर तो योगायोग, आणि तोही मोजून पाहिल्याशिवाय खरा मानू नये.

यातून या कामाचा पहिला नियम निघतो: जुळवायची ती नळी, अ‍ॅक्शन नव्हे. मूळ नळ्या ज्या पिनवर आणि ज्या भिंतीवर बरोबर बसतात, त्या पिनला किंवा भिंतीला दुसऱ्या संचासाठी कानस लावली की मूळ संच बिघडला. मग दोन संच असूनही एकही धड नाही, अशी गत होते.

आधी नंबर, मग व्हर्नियर

बाजारात "जोडीच्या नळ्या" म्हणून जे मिळतं ते तीन जातीचं असतं. कारखान्यातून त्याच बंदुकीबरोबर निघालेला दुसरा संच. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या, नंतर कुणीतरी बसवलेल्या. आणि कुठल्याच बंदुकीवर न बसवलेल्या अनाथ नळ्या. पहिल्या जातीला बहुधा तपासणी पुरते, दुसरीला तपासणी आणि संशय दोन्ही लागतात, तिसरीला चांगल्या कारागिराचे पुष्कळ दिवस.

नळ्या उतरवून पोटाकडे बघा. चेंबरच्या खालच्या सपाट भागावर किंवा लंपवर सिरियल नंबर असतो. तोच नंबर अ‍ॅक्शनवर, ट्रिगर प्लेटवर आणि फोरएंडच्या (नळ्यांखाली पुढचा हात धरतो त्या लाकडी भागाच्या) लोखंडावर मिळायला हवा. फोरएंडचा नंबर तपासायचा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, आणि तिथेच गडबड सापडते. बेल्जियन आणि जर्मन बंदुकांत सिरियलखेरीज दोन-तीन आकडी जुळणी-नंबरही असतो. तो लहानसहान भागांवर उमटवलेला असतो आणि एकत्र घडवलेले भाग ओळखायला सिरियलपेक्षा जास्त कामी येतो.

रिबवर (दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर) किंवा लिव्हरवर १ किंवा २ असा आकडा दिसला तर घाई करू नका. ब्रिटिश बंदुका जोडीनेही विकल्या जात, आणि जोडीतल्या दुसऱ्या बंदुकीवर २ असे. दोन संचांच्या एकाच बंदुकीतही दुसऱ्या संचावर २ असे. फरक सिरियल नंबरात कळतो. एकाच बंदुकीचा दुसरा संच असेल तर सिरियल तोच असतो. जोडीतल्या दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या असतील तर बहुधा पुढचा नंबर निघतो, आणि त्या सुंदर दिसल्या तरी परक्याच.

नंबर नंतर ठोकलेला असू शकतो. भिंग घेऊन आकड्यांचं वळण, खोली आणि ओळ अ‍ॅक्शनवरच्या नंबराशी ताडून पाहा. आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट असेल, तर जुना नंबर घासून तिथे नवा उमटवलाय. असा माल घेऊच नये. बऱ्याच देशांत सुटी नळीसुद्धा कायद्याने हत्याराचाच भाग मानतात, आणि खोडलेला नंबर हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. नळ्या ताब्यात घेण्याआधी आपल्या परवान्यात दुसरा संच कसा नोंदवायचा याची चौकशी करावी.

अमेरिकन पार्करच्या बाबतीत एक आकडा फार मोलाचा. मागच्या लंपवर फ्रेमचा आकार उमटवलेला असतो: बारा बोअरला बहुतेक १, १½ किंवा २, वीसला ०, दहाला ३. बंदुकीची फ्रेम १ ची आणि नळ्यांवर २ असेल तर पुढचं काही मोजायचं कारण नाही. मोठ्या फ्रेमवर दोन चेंबरच्या केंद्रांमधलं अंतर जास्त असतं, त्यामुळे स्ट्रायकर (बार पेटवणाऱ्या सुया) टोपीच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टिकलीच्या, मध्यावर पडणारच नाहीत. इतर कारखान्यांत असा सोयीचा आकडा नसेल तर हेच अंतर व्हर्नियरने मोजून ठरवायचं.

प्रूफच्या खुणा काय सांगतात

प्रूफ म्हणजे जास्त दाबाने घेतलेली नळीची अधिकृत चाचणी. तिच्या खुणा म्हणजे नळीची जन्मपत्रिका, पण ती चाचणीच्या दिवसापुरती. आज नळी तशीच आहे का हे वेगळं मोजावं लागतं.

१९५४ पूर्वीच्या ब्रिटिश खुणांत बोअर नंबराने दिलेला असतो. १३ म्हणजे ०.७१० इंच, १३ खाली १ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९, १२ खाली १ म्हणजे ०.७४०. नंबराचा अर्थ "या मापापासून पुढच्या मापाच्या आतपर्यंत" असा घ्यायचा. नळीवर १२ असेल आणि ब्रीचपासून ९ इंचांवर, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटरवर, आतला व्यास ०.७४० इंच भरला, तर ती प्रूफबाहेर गेली. कुणीतरी गंजाचे खड्डे काढायला आतून घासलीय. १९५४ नंतरच्या खुणांत बोअर थेट दशांशात असतो, आणि उमटवलेल्या मापापेक्षा दहा थाऊहून जास्त वाढ झाली की नळी बाद. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या कामात मिलिमीटरपेक्षा तोच जास्त तोंडात असतो.

चौकटीतल्या १२ आणि सी या खुणेवरून चेंबर कळतं. एलसी असेल तर लांब चेंबर. १९२५ पासून चेंबरची लांबीही लिहिलेली मिळते. १८९६ पूर्वीच्या ब्रिटिश खुणा काळ्या दारूच्या चाचणीच्या असतात. नंतर नायट्रोची (बिनधुराच्या दारूची) चाचणी झाली असेल तर तशी खूण शेजारी वेगळी दिसेल. जर्मन नळ्यांवर महिना आणि वर्ष सापडतं, ५ २७ म्हणजे मे १९२७. बेल्जियममधल्या लिएजच्या लंबवर्तुळातल्या ईएलजी खुणेसोबत १९२२ पासून वर्षाचं अक्षर मिळतं, सुरुवात ए पासून.

तारखेचा खरा उपयोग तुलनेसाठी. मूळ नळ्यांवर एका काळातल्या खुणा आणि जोडीच्या नळ्यांवर त्याहून वीस वर्षं आधीच्या खुणा असतील, तर दुसरा संच बंदुकीबरोबर जन्मलेला नाही. "नॉट फॉर बॉल" हे शब्द असलेली ब्रिटिश नळी १८७५ ते १८८७ मधली. १९१० च्या बंदुकीबरोबर ती कारखान्यातून निघणं शक्य नाही, विकणारा काहीही म्हणो.

"स्लीव्ह्ड" हा शब्द शोधा. जुन्या नळ्या ब्रीचपासून तीन इंचांवर कापून त्यांत नव्या नळ्या बसवल्या असतील तर ब्रिटिश प्रूफ हाऊस तो शब्द उमटवतं. शब्द नसला तरी चेंबरपुढे नळीभोवती केसासारखी गोल रेघ दिसते का ते तिरप्या उजेडात पाहा. स्लीव्हिंग वाईट नाही. उलट खऱ्या अर्थाने त्याच बंदुकीचा लंप, तोच हुक (लंपमधली, पिनवर टेकणारी गोल खाच) आणि आत नवं पोलाद असा तो उत्तम मार्ग आहे. फक्त ते लपवलेलं नसावं.

नळीची तब्येत

जुळणीवर पैसे घालण्याआधी नळी त्या पैशांच्या लायकीची आहे का ते ठरवा. भिंतीची जाडी मोजणारं गेज नसेल तर ते असलेल्या कारागिराकडे जा. व्हर्नियरने फक्त तोंडाजवळची जाडी कळते आणि ती फसवी असते, कारण चोकमुळे (तोंडाशी नळी आतून मुद्दाम अरुंद ठेवलेली असते त्यामुळे) तिथे पोलाद जास्त असतं. सगळ्यात पातळ जागा बहुधा चोक सुरू होण्याच्या थोडी मागे सापडते. प्रत्येक नळी दर इंचाला, चार बाजूंनी मोजावी. कुठेही २० थाऊ, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली तर संच सोडून द्यावा. २५ थाऊ असेल तर निश्चिंत. मधल्या मापाला नळी वापरता येते, पण आतून पुन्हा घासायला किंवा पोचा काढायला पोलाद शिल्लक नाही हे धरून किंमत ठरवावी. एका बाजूला २८ आणि समोरच्या बाजूला १८ अशी तफावत आली तर बोअर मध्यापासून सरकलंय. सरासरी चांगली दिसली म्हणून ते चालत नाही.

पोचे आणि फुगवटे बोटांना आधी कळतात, डोळ्यांना नंतर. नळीवरून बोट फिरवा, मग आतून उजेडाकडे बघा. आतल्या प्रकाशाच्या कड्या जिथे मोडतात तिथे पोचा. जिथे काळसर कडी पूर्ण वर्तुळात दिसते तिथे फुगवटा. पोचा निघतो. फुगवट्यातलं पोलाद ताणून पातळ झालेलं असतं.

चेंबरची लांबी खुणेवर विश्वास न ठेवता गेजने मोजा. जुन्या ब्रिटिश बंदुकांचं चेंबर २½ इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं. काडतुसावर लिहिलेली लांबी बार उडाल्यानंतर उघडलेल्या खोळीची असते, त्यामुळे ७० मिलिमीटरचं न उडालेलं काडतूस ६५ च्या चेंबरात बिनतक्रार बसतं. उडताना मात्र खोळीचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. मूळ संचाचं चेंबर ६५ आणि जोडीच्या संचाचं ७० असेल तर ही चूक एक ना एक दिवस होणारच. अशा वेळी दोन्ही संचांत फक्त ६५ ची काडतुसं वापरायची, हा एकच सुरक्षित नियम. चेंबर लांब करून घेणं हा उपाय नव्हे. त्याने चेंबरपुढची भिंत नेमकी जिथे दाब जास्त तिथेच पातळ होते, आणि प्रूफही जातं.

चोकसाठी बोअरच्या व्यासातून तोंडाचा व्यास वजा करा. ४० थाऊच्या आसपास फुल, २० हाफ, १० क्वार्टर. दोन्ही नळ्यांत शून्य आलं आणि तोंडाशी दोन नळ्यांच्या मध्ये कथलाने भरलेली पाचर दिसली, तर नळ्या पुढून कापल्यात. न कापलेल्या बहुतेक नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या किंवा जवळजवळ टेकलेल्या असतात.

दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळवून घडवलेल्या) नळ्या काळ्या करून साध्या पोलादाच्या म्हणून खपवल्या जातात. फोरएंडखालच्या भागात, जिथे हात आणि घाम कमी पोचतो, तिथे भिंगाने वळणाच्या रेषा दिसतात का ते बघा. दमास्कस म्हणजे आपोआप टाकाऊ असं मुळीच नाही. नायट्रो प्रूफ झालेल्या उत्तम दमास्कस नळ्या आहेत. पण काय आहे ते माहीत असलं पाहिजे.

रिबची परीक्षा कानाने होते. इजेक्टर (रिकामी खोळ बाहेर फेकणारे भाग) काढा, नळ्या हुकमध्ये दोरी घालून टांगा आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोका. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर डाख शाबूत. पत्रा वाजल्यासारखी थरथर आली तर कुठेतरी रिब सुटलीय. सुटलेल्या रिबखाली ओल शिरते, आणि नळीला बाहेरून न दिसणारा गंज लागतो. याच कारणासाठी जुन्या डाखाच्या नळ्या गरम कॉस्टिकच्या टाकीत काळ्या करू नयेत. तो द्राव कथलाचा डाख खातो, रिबखाली अडकून राहतो आणि पुढची कित्येक वर्षं आतून गंज चढवत राहतो. जुन्या नळ्यांना गंज चढवून, उकळून, घासून केलेलाच काळा रंग द्यायचा.

बसते का ते बघणं

आता नळ्या अ‍ॅक्शनवर. दोन्ही चेंबर रिकामी आहेत हे डोळ्याने आणि बोटाने बघा. हुक, पिन, लंपच्या खाचा आणि ब्रीचची भिंत स्पिरिटने स्वच्छ पुसा. वाळलेल्या ग्रीसचा थर मापाला धोका देतो. शक्य असेल तर स्ट्रायकर काढून ठेवा.

पहिली चाचणी फोरएंड न लावता करायची. फोरएंडची स्प्रिंग नळ्यांना दाबून धरते आणि ढिलाई लपवते, म्हणून दुकानात फोरएंड लावूनच बंदूक हातात देतात. नळ्या मिटा, दस्त्याची मान एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने नळ्या आडव्या हलवा. खेळ जाणवला तर दोष कुठे आहे ते पुढच्या चाचण्यांत कळेल. खेळ नाही म्हणून खूश व्हायचं कारण मात्र नाही.

लिव्हर कुठे थांबते ते बघा. मूळ नळ्यांवर ती मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत असेल आणि जोडीच्या नळ्यांवर मध्य ओलांडून डावीकडे जात असेल, तर जोडीच्या लंपच्या खाचा सैल आहेत आणि बोल्ट फार आत शिरतोय. फारच उजवीकडे अडकत असेल तर बोल्ट पूर्ण शिरलेलाच नाही. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण बंदूक मिटलेली दिसते.

मग कागद. सिगारेटचा पातळ कागद साधारण एका थाऊचा असतो. त्याची पट्टी ब्रीचची भिंत आणि नळी यांच्यामध्ये धरून बंदूक मिटा आणि हळूच ओढा. उजवी-डावी नळी, वर-खाली, अशा चार जागी बघा. चारही ठिकाणी कागद पकडला गेला तर उत्तम. सुटला तर फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) घ्या. दोन थाऊची पात शिरली तर बंदूक वापरात असलेली आहे एवढाच अर्थ. चारची शिरली तर हुकचं काम करावं लागणार. सहा-आठची शिरली तर ते काम होईपर्यंत त्या नळ्यांतून एकही बार उडवू नये. फट असली की बूड मोकळं राहतं, टोपी मागे सरते, आणि प्रत्येक बारागणिक लंप पिनवर आदळत राहून फट आणखी वाढते.

नेमकं कुठे टेकतं हे काजळीच सांगते. रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर हुक, लंपची मागची कड, खाचा आणि नळ्यांची मागची तोंडं एकसारखी काळी करा. ब्ल्यूही (खूण धरायचा निळा रंग) चालतो, पण काजळीचा थर जास्त पातळ बसतो आणि खोटं बोलत नाही. बंदूक एकदाच, नेहमीच्या जोराने मिटा आणि उघडा. हुकमध्ये चंद्रकोरीसारखा रुंद चकचकीत पट्टा उमटायला हवा. तिथे नुसती रेघ दिसली तर हुकची गोलाई पिनच्या गोलाईशी जमत नाही, आणि सगळा भार त्या रेघेवर आहे. नळ्यांच्या मागच्या तोंडावर दोन्हीकडे सारखी खूण हवी. एकाच नळीवर खूण असेल तर नळ्या पिनवर तिरप्या बसल्यात. फक्त वरच्या कडेला खूण आणि खाली काजळी तशीच, तर नळ्या फक्त वरच टेकल्यात.

नळ्यांचा सपाट तळ अ‍ॅक्शनच्या सपाट भागावर घट्ट टेकलाय आणि ब्रीचला मात्र फट आहे, असं दिसलं तर तळाने नळ्या वर उचलून धरल्यात. परक्या नळ्यांत हे फार आढळतं. याच्या उलट, तळाखाली केसाएवढी फट असणं हा दोष नव्हे. बऱ्याच चांगल्या ब्रिटिश बंदुकांत ती मुद्दाम ठेवलेली असते. तिथे पत्रा घालून "घट्ट" केलेली बंदूक दिसली तर आधी तो पत्रा काढा, मग खरी स्थिती मोजा.

एक तुलना कधीही चुकवू नये: हीच काजळी मूळ नळ्यांवरही धरा. मूळ संच घट्ट आणि जोडीचा ढिला, तर दोष जोडीच्या हुकचा. दोन्ही सारखेच ढिले, तर पिन झिजलीय. या एका निरीक्षणावर पुढचं सगळं काम कुठे करायचं ते ठरतं.

नळ्यांची बाहेरची रेषा अ‍ॅक्शनच्या गोलाव्याशी जुळते का हेही पाहा. कडेला नखात अडकेल एवढी पायरी असेल तर ब्रीचची रुंदी वेगळ्या फ्रेमची आहे. घासून पायरी घालवता येते, पण ती चेंबरची भिंत घासून, म्हणून नको. रिबच्या मागे पुढे आलेली जीभ असेल, उदाहरणार्थ ग्रीनरच्या आडव्या बोल्टची, तर तिचं भोक आणि बोल्ट यांचीही काजळी बघावी. तो बोल्ट फक्त शिरतो की खरोखर पकडतो, हे तेव्हाच कळतं.

उभ्या जोडीच्या (एक नळी वर, एक खाली अशा) दुनळ्यांत, लंडनच्या बॉस कारखान्याच्या १९०९ च्या धर्तीच्या, पोटाखाली लंप नसतो. नळ्या बाजूच्या खुंट्यांवर फिरतात. परीक्षा तीच, फक्त दोन्ही बाजूंचे खुंटे वेगवेगळे तपासायचे.

फोरएंड, इजेक्टर, स्ट्रायकर

दुसऱ्या संचाला स्वतःचा फोरएंड असणं चांगलं. अ‍ॅन्सन-डीली पद्धतीत बंदूक उघडताना आतले हातोडे चढवणाऱ्या दांड्या फोरएंडच्या लोखंडात अडकलेल्या असतात. परका किंवा झिजलेला फोरएंड त्या दांड्या पुरेशा उचलत नाही. मग एक बाजू चढते, एक राहते, आणि दोष कुलपाचा (चाप-हातोड्यांच्या यंत्रणेचा) समजून कुलूप उघडलं जातं. वीस वेळा सावकाश उघडून मिटा. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू चढल्याचा आवाज स्पष्ट आला पाहिजे.

इजेक्टरची वेळ तपासायला दोन्ही चेंबरांत नकली काडतुसं घाला, एकच चाप ओढा आणि उघडा. फक्त त्याच बाजूचं बाहेर उडालं पाहिजे, दुसरं थोडं वर उचललं गेलं पाहिजे. दोन्ही उडाली किंवा एकही नाही, तर इजेक्टरचे हातोडे आणि नळीतले पाय यांची उंची जुळवायला लागेल. हे काम बारीक आहे, आणि घाईने घासलं तर परत येत नाही.

स्ट्रायकरसाठी रिकाम्या खोळीत टोपीच्या जागी मऊ शिशाचा तुकडा बसवा आणि चाप ओढा. खूण मध्यापासून मिलिमीटरभर सरकली तर चालेल. टोपीचा व्यास सहा मिलिमीटरच्या थोडा वर असतो, त्यामुळे त्याहून जास्त सरकलेल्या स्ट्रायकरला बार चुकतो किंवा टोपी फुटते. ही चूक स्ट्रायकर वाकवून दुरुस्त करता येत नाही. केंद्रांचं अंतरच चुकलंय.

हुकचं काम

हुक झिजला असेल तर दोन रास्त उपाय आहेत. हुकच्या गोलाईत खाच पाडून नव्या पोलादाचा तुकडा बसवणं, किंवा टिग वेल्डने थर चढवून तो पुन्हा काजळीवर घासून आणणं. दोन्हींत घासण्याचं काम सारखंच: एक-दोन घासे, काजळी, मिटणं, बघणं, पुन्हा घासे. पोलाद काढता येतं, लावता येत नाही, म्हणून शेवटच्या दोन थाऊंना पहिल्या दहांपेक्षा जास्त वेळ लागतो. वेल्ड करणाऱ्याला शेजारच्या डाखाची जाणीव हवी. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो, त्यामुळे लंपजवळच्या नळ्या थंड ठेवल्या नाहीत तर ब्रीचकडची रिब सुटते.

हुक ठोकून पसरवणं हा जुना आणि वाईट उपाय. ठोकलेलं पोलाद दुकानात घट्ट वाटतं आणि थोड्याच बारांत पुन्हा बसतं. ठोक्यांच्या खुणा लंपच्या बाजूंवर दिसतात. त्या दिसल्या तर तो संच आधीच एकदा "विकण्यापुरता" दुरुस्त झालाय असं समजावं.

जाड पिन घालण्याचा सल्ला मिळेल, कारण ते काम अर्ध्या दिवसाचं आहे. मूळ संच घट्ट असताना पिनला हात लावू देऊ नका. दोन्ही संच ढिले असतील तेव्हाच नवी पिन योग्य, आणि मग दोन्ही संचांचे हुक त्या पिनवर पुन्हा जुळवायचे. काही अ‍ॅक्शनांत पिन सुटी नसतेच, अ‍ॅक्शनच्याच पोलादातून कोरलेली असते. तिथे हुकखेरीज पर्याय नाही.

प्रूफ आणि पहिले बार

परका संच बसवला किंवा वेल्ड झाली की बंदूक पुन्हा प्रूफला गेली पाहिजे. बंदूक टायरला बांधून लांबून दोरीने चाप ओढणं म्हणजे प्रूफ नव्हे. त्यात नळी फुटली नाही एवढंच कळतं, ताणली गेली का ते कळत नाही. प्रूफ हाऊस बारापूर्वी आणि बारानंतर मोजतं, फरक तोच.

प्रूफ होऊन आल्यावर हलक्या भाराने सुरुवात करा. अडीच इंची चेंबरच्या जुन्या बारा बोअरला २८ ग्रॅम छर्रा भरपूर होतो. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६.५ मीटरवर, मोठा कागद लावा, मध्ये ठिपका काढा, आणि आधारावरून प्रत्येक नळीचे निदान पाच बार वेगवेगळ्या कागदांवर घ्या. प्रत्येक कागदावर दाट भागाभोवती ३० इंची वर्तुळ काढून त्याचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला ते मोजा. दोन्ही नळ्यांचे मध्य तळहाताएवढ्या अंतरात आले तर नळ्या सरळ आहेत. एक सतत डावीकडे आणि एक सतत उजवीकडे जात असेल तर रिब पुन्हा बसवताना नळ्यांचा कोन बिघडलाय. ते काजळीवर कधीच दिसत नाही, म्हणून ही चाचणी वगळू नये.

प्रत्येक रिकाम्या खोळीचं बूड बघा. टोपी बुडाच्या वर उचललेली असेल तर ब्रीचला फट आहे. पन्नासेक बारांनंतर काजळी पुन्हा धरा. नवा हुक थोडा बसतोच, पण चंद्रकोर रुंद होत गेली पाहिजे, अरुंद नाही.

दोन्ही संचांची मापं एका कार्डावर लिहून पेटीत ठेवा: भिंतीची कमीत कमी जाडी आणि तिची जागा, चेंबर, बोअर, लिव्हर कुठे थांबते, ब्रीचला कोणती पात शिरत नाही. नळ्या बदलताना हुक आणि पिन फडक्याने पुसून बोटाच्या टोकाएवढं ताजं ग्रीस लावा. वाळूचा एक कण त्या गोलाईत राहिला तर तो फीलर गेजच्या पातीसारखाच नळ्या पुढे ढकलतो, आणि प्रत्येक बारागणिक पिनवर ओरखडा पाडतो.